गाडीखालचा पेपर

रोज रात्री झोपायच्या आधी मी गाडीच्या नाकाखाली जुना पेपर अंथरतो आणि चार कोपऱ्यांवर चार गोटे ठेवतो. सकाळी चहाच्या आधी तो ओढून काढायचा आणि अंगणातल्या उजेडात धरून पाहायचा. निळसर डाग म्हणजे कूलंट, इंजिन थंड ठेवणारं पाणी. काळपट तपकिरी म्हणजे इंजिनचं तेल. पिवळसर आणि पातळ असेल तर गिअरबॉक्स, लालसर असेल तर स्टिअरिंग. नुसतं पाणी असेल तर ते एसीचं, त्याची चिंता नाही. डाग किती मोठा आहे यापेक्षा तो कुठे पडलाय ते महत्त्वाचं, म्हणून पेपर रोज एकाच जागी, फरशीवरच्या खुणेला लावून ठेवायचा. ही सवय बाबांनी लावली. पस्तीस वर्षं त्यांनी यष्टीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून काढली. रात्री मुक्कामी आलेल्या बसखाली पहाटे कंदील घेऊन वाकायचं आणि जमीन वाचायची, ही त्यांची नोकरीतली पहिली शिकवण.

आमचं गाव वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाडपासून बारा किलोमीटर आत आहे. मी शाळेत विज्ञान शिकवतो, घरची सात एकर शेती आहे. आणि अंगणात, जिथे आधी बैलांचा कोठा होता तिथे, पत्र्याखाली एक २००८ सालची जर्मन सेडान उभी असते. आठ सिलिंडर, ४.८ लिटरचं इंजिन, ३६० अश्वशक्तीच्या वर ताकद. कंपनीचं नाव लिहीत नाही. या वयाच्या आणि या ताकदीच्या गाड्यांची दुखणी थोड्याफार फरकाने सारखीच असतात, आणि मला सांगायचं आहे ते त्या दुखण्यांबद्दल.

२०२१ मध्ये नागपूरच्या एका डॉक्टरांकडून साडेसहा लाखांना घेतली. तेवढ्यात नवी छोटी गाडी आली असती आणि घरच्यांचंही म्हणणं तेच होतं. मी हिशेब करूनच गेलो होतो, पण हिशेबात एक गोष्ट धरायची राहिली. गाडी जुनी होते, तिचे सुटे भाग जुने होत नाहीत. पन्नास लाखांच्या वर किमतीची गाडी साडेसहा लाखांना मिळाली तरी तिचा वॉटर पंप, तिचा बुश, तिचा सेन्सर हे सगळं पन्नास लाखांच्या गाडीचंच राहतं. अशी गाडी घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगतो. जेवढ्याला गाडी घ्याल, त्याच्या निम्मे पैसे पहिल्या दोन वर्षांसाठी बाजूला काढा. ते जमत नसेल तर घेऊ नका. माझे पहिल्या दोन वर्षांत तीन लाख चाळीस हजार गेले, आणि त्यात बाबांची आणि माझी मजुरी धरलेली नाही.

पहिलं दुखणं पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. मे महिन्याची अखेर, नवतपा सुरू, पारा पंचेचाळीसच्या वर. शेतातून पांदण रस्त्याने येत होतो. पांदणीत तेव्हा नुसता फुफाटा, चाक बुडेल एवढा. वीसच्या वेगाने, एसी लावून, दोन किलोमीटर. निम्म्यात तापमानाच्या काट्याने लाल रेघ गाठली आणि समोर इशारा आला की इंजिन बंद करा. मी बाभळीखाली थांबलो, बोनट उघडलं आणि घरी फोन केला. बाबा चुलतभावाच्या गाडीवर मागे बसून आले. त्यांनी आधी माझा हात धरून मला मागे ओढलं, कारण मी कूलंटच्या टाकीचं झाकण उघडायला निघालो होतो.

"हात नोको लावू. तासभर नाई."

तासभर आम्ही बाभळीखाली बसलो. दाबाखाली असलेलं कूलंट शंभर अंशांच्या कितीतरी वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि तेच क्षणात उकळून तोंडावर येतं. हे मी मुलांना प्रेशर कुकर दाखवून शिकवतो, आणि तरी माझा हात झाकणाकडे गेला होता.

बाबांनी त्या तासात जे सांगितलं ते मला कुठल्या मॅन्युअलमध्ये सापडलं नाही.

"ही गाडी पयासाठी बनली. पयाली तं तिले हवा भेटते. तू तिले पांदनीत चालवतं, मंग गरम नाई होईन तं का होईन?"

अगदी बरोबर. जर्मन कंपन्यांनी आपसात ठरवून अशा गाड्यांचा वेग ताशी २५० किलोमीटरवर बांधून ठेवलेला असतो. म्हणजे त्यांचं सगळं गणित वेगाच्या बाजूने मांडलेलं. ताशी शंभरने जाताना रेडिएटरवर वाऱ्याचा लोंढा आपोआप येतो. वीसने जाताना तो येत नाही, तेव्हा सगळी भिस्त समोरच्या एका इलेक्ट्रिक पंख्यावर. आमच्या गाडीचा तो पंखा निम्म्याच वेगाने फिरत होता, कारण त्याच्या आतलं नियंत्रण करणारं सर्किट गेलेलं. डॉक्टर नागपुरात सकाळी लवकर आणि रात्री उशिरा गाडी काढायचे, त्यांना ते कधी कळलंच नसणार. शिवाय रेडिएटर आणि त्याच्यापुढची एसीची जाळी यांच्या फटीत मातीचा आणि कापसाच्या रुईचा थर बसला होता, बोटाने ओढला तर नमद्यासारखा निघाला. लोकांना वाटतं की जोरात धावणारी गाडी धावून झिजते. माझा अनुभव असा की ती हळू चालून झिजते, आणि त्याहून जास्त उभी राहून.

पंखा बदलला, जाळी धुतली, काटा मधोमध राहू लागला. पण कूलंट कमी होत होतं. आठवड्याला अर्धा ग्लास. पेपरवर डाग नाही, होज पाईप कोरडे, तेलात पाणी नाही, धुराला पांढरा रंग नाही. हे अर्धा ग्लास जातं कुठे? गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला तर बिघाडाचा एकही कोड नाही. यंत्राला जे मोजता येतं तेवढंच यंत्र सांगतं, आणि गळतीचं मोजमाप त्याच्याकडे नसतं.

बाबांनी पेपर काढून पांढरा पुठ्ठा लावला, नव्या फ्रिजच्या खोक्याचा. तिसऱ्या दिवशी त्यावर एकच थेंब, वाळून पावडर झालेला, इंजिनच्या अगदी समोर, मधोमध. तिथून वर आरसा आणि टॉर्च धरून पाहिलं तर अल्टरनेटरच्या, म्हणजे गाडीची वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या, मागे ज्वारीच्या दाण्याएवढं एक भोक दिसलं. ते भोक कंपनीनेच मुद्दाम ठेवलेलं असतं, आतली गळती बाहेर दिसावी म्हणून. गाडी गरम असताना थेंब पडायच्या आधीच वाफ होऊन जायचा, म्हणून पेपर कोरडा.

आता आत काय होतं ते सांगतो, कारण या जातीच्या इंजिनाचं हे सगळ्यात महागडं दुखणं आहे आणि त्याच्या मुळाशी सगळ्यात स्वस्त वस्तू आहे. व्ही-८ इंजिनात चार सिलिंडर एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये घळ. त्या घळीतून एक पाईप जातो. समोरच्या पंपापासून मागच्या टोकापर्यंत तो पाणी पोचवतो. पाईप धातूचा आहे, त्याला काहीही होत नाही. पण त्याच्या समोरच्या तोंडाशी रबराचं एक सील आहे. ही इंजिनं शंभर अंशांच्या वर तापमान ठेवूनच चालवली जातात, म्हणजे इंधन कमी जळतं. दहा-बारा वर्षं तो ताप खाऊन रबर लाकडासारखं होतं, आणि पाणी झिरपू लागतं. तो पाईप बसवलाय इंजिन जुळवायच्या वेळी, सगळ्यात आधी. कंपनीच्या पद्धतीने बदलायचा तर वरून आणि पुढून निम्मं इंजिन उघडावं लागतं. व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी टायमिंग चेन, तिची झाकणं, सगळं. नागपूरच्या एका वर्कशॉपने दोन लाख दहा हजार सांगितले. त्यातला पाईप आणि सील किती, तर काही हजार. बाकी सगळी मजुरी, तिथपर्यंत हात पोचण्याची.

बाबांनी तो आकडा ऐकला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लोखंड नाई मरत बाबू. रबर मरते."

त्या एका वाक्यावर माझी पाच वर्षं चालली आहेत. त्यानंतर जे जे बिघडलं त्याच्या तळाशी मी गेलो तेव्हा तिथे रबर नाहीतर प्लास्टिक होतं. पुढच्या चाकांचे बुश, म्हणजे सांध्यांतली रबरं, फाटले, खड्ड्यात टकटक आवाज यायचा. आतलं लोखंड नव्यासारखं. कूलंटच्या टाकीला केसाएवढी चीर, टाकी प्लास्टिकची. व्हॉल्व्ह कव्हरच्या पॅकिंगमधून तेल एक्झॉस्टवर पडून जळका वास, पॅकिंग काढलं तर बिस्किटासारखं तुटलं. ज्या गाड्यांना हवेचं सस्पेन्शन असतं त्या सकाळी एका बाजूला बसलेल्या दिसतात, कारण हवेच्या पिशवीच्या रबराला घडीवर चिरा जातात. माझ्या गाडीला ते नाही, एवढं नशीब. आपल्याकडचा उन्हाळा हे सगळं लवकर घडवून आणतो. जर्मनीत जे रबर वीस वर्षं टिकलं असतं ते आमच्याकडे पत्र्याच्या शेडमध्ये बाराव्या वर्षी दगड होतं.

पाईपचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. जगभर ही गळती इतक्या गाड्यांना झाली की लोकांनी तोड काढली. दुर्बिणीसारखा लहान-मोठा होणारा दोन तुकड्यांचा पाईप. वरचा इनटेक, म्हणजे इंजिनाला हवा पोचवणारा भाग, काढायचा, घळीतला जुना पाईप कापून बाहेर घ्यायचा, नवा आखडून आत ठेवायचा आणि दोन्ही बाजूंना ताणून बसवायचा. पुढची चेन उघडायचं कामच नाही. मी तो बाहेरदेशातून मागवला, यायला पाच आठवडे लागले. पोळ्याच्या सुट्टीत बाबा, कारंजाचे एक ओळखीचे मिस्त्री आणि मी असं तिघांनी चार दिवसांत तो बसवला. जुना पाईप कापताना लोखंडाचा एक कणही आत पडू नये म्हणून बाबांनी घळीत ओली चादर अंथरली, आणि कापून झाल्यावर ती तशीच घडी घालून, श्वास रोखून, लेकराला उचलावं तशी बाहेर काढली. सगळा खर्च एकतीस हजार.

मिस्त्रींबद्दल थोडं लिहितो. त्यांचं काम ट्रॅक्टरचं आणि मळणीयंत्राचं. असली गाडी त्यांनी आयुष्यात उघडली नव्हती. पण प्रत्येक बोल्ट काढला की पुठ्ठ्यावर इंजिनाचं चित्र काढून त्याच जागी तो टोचून ठेवायचे. मोठ्या शहरातल्या वर्कशॉपमध्ये काम करून आलेल्या गाडीत मला दोन बोल्ट कमी सापडले होते. या पुठ्ठ्यावरून एकही हरवला नाही.

गिअरबॉक्सचं एवढंच सांगतो की "यातलं तेल जन्मभर बदलायचं नाही" या वाक्यावर विश्वास ठेवू नका. गाडीवाली कंपनी तसं म्हणते, पण गिअरबॉक्स बनवणारी कंपनी वेगळी आहे आणि ती ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदला म्हणते. आमच्या गाडीला झटका बसायचा, दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना. तेल काढलं तर काळं. तेल भरताना गिअरबॉक्सचं तापमान ३० ते ५० अंशांत असावं लागतं, नाहीतर पातळी चुकते. विदर्भात उन्हाळ्यात गाडी सुरू न करताच चाळीस असतं, पातळी पाहीपर्यंत वेळ निघून जातो. म्हणून डिसेंबरच्या पहाटे, शेकोटी पेटवून, ते काम केलं. झटका गेला.

आणि उंदीर. सोयाबीन घरात आलं की उंदीर येतात आणि इंजिनाच्या उबेला बसतात. एका दिवाळीत त्यांनी इंजेक्टरची वायर कुरतडली. गाडी आठवडाभर उभी ठेवायची नाही, हा त्यावरचा उपाय. उभ्या गाडीची बॅटरीही उतरते, आणि अशा गाडीत व्होल्टेज कमी झालं की एकाच वेळी दहा खोटे दोष दिसू लागतात. नव्याने घेणाऱ्याने दहा दिवे पेटले म्हणून घाबरू नये, आधी बॅटरी पाहावी.

पेट्रोलचा प्रश्न मात्र गावातला खरा प्रश्न आहे. या इंजिनांचा दाब जास्त, त्यांना ९५ ऑक्टेन किंवा त्याहून वरचं, म्हणजे दाबाखाली आपोआप पेट न घेणारं, पेट्रोल लागतं. आमच्या पंपावर अनेक वर्षं साधं ९१ मिळायचं. तेव्हा चढावर बारीक खडखड ऐकू येण्याआधीच सेन्सर ते ओळखून ठिणगी उशिरा पाडायचा, म्हणजे इंजिन वाचायचं पण ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही जायचं. आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. त्याचा ऑक्टेन चांगला आहे, ते खोटं का बोलू? पण ही गाडी बनली तेव्हा तिचे रबरी पाईप आणि सील एवढं इथेनॉल धरून बनवलेले नव्हते, आणि नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या धाटणीच्या चारचाकींचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्के घटेल असं म्हटलेलं आहे. मी इंधनाच्या वाटेवरचे सगळे रबरी पाईप बदलून घेतले. ऊस आणि मका लावणाऱ्याला इथेनॉलने चार पैसे मिळत असतील तर माझी त्याला हरकत नाही. पण पंपावर जुन्या गाड्यांसाठी दुसरी तोटी ठेवायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. तो कारंजावरूनच जातो. त्या हिवाळ्यात एका रविवारी मी बाबांना घेऊन निघालो. आधी टायरवरचे चार आकडे पाहिले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मागच्या टायरवर १४ होतं, म्हणजे आठ वर्षांचा. नक्षी शिल्लक असूनही तो बदलूनच निघालो. सिमेंटच्या त्या रस्त्यावर, १२० च्या मर्यादेत, ती गाडी पहिल्यांदा तिच्या घरी आल्यासारखी चालली. इंजिन दोन हजार फेऱ्यांवर शांत, काटा मध्यावर, आत बोललेलं हळू बोललं तरी ऐकू येईल. बाबा काही बोलले नाहीत. त्यांचा डावा हात दाराच्या पट्टीवर उताणा नव्हे, पालथा ठेवलेला होता, बोटं पसरून. ते कंप मोजत होते.

परतताना टोल नाक्यावर रांग होती. दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून उभे राहिलो. पुढे निघालो आणि आरशात मागची गाडी दिसेनाशी झाली. निळा धूर. डांबर जाळल्यासारखा, दाट.

"सील," बाबा म्हणाले. त्यांनी मान वळवलीसुद्धा नव्हती, वासावरून.

व्हॉल्व्हच्या दांड्यावर बोटाच्या पेरापेक्षा लहान रबरी टोपी असते, वरचं तेल खाली सिलिंडरमध्ये उतरू नये म्हणून. आठ सिलिंडर, प्रत्येकी चार व्हॉल्व्ह, म्हणजे बत्तीस टोप्या. त्या कडक झाल्या की गाडी उभी असताना तेल दांड्यावरून हळूहळू उतरून साचतं, आणि ॲक्सिलरेटर दाबला की एकदम जळतं. आमची गाडी दर नऊशे किलोमीटरला एक लिटर तेल पीत होती. ते जळकं तेल पुढे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं, आणि तो गेला की आणखी लाखभर. नागपुरात इंजिन उतरवा म्हणाले.

बाबा म्हणाले, इंजिनही नाही उतरवायचं आणि त्याचा वरचा भाग, हेडही नाही. "दोरी आन."

डेपोत ते हे करायचे. स्पार्क प्लग काढायचा, त्या भोकातून पेन्सिलीएवढ्या जाडीची दोरी सिलिंडरमध्ये सोडायची, एक टोक बाहेर ठेवून हातभर आत कोंबायची. मग क्रँक हाताने फिरवायचा. पिस्टन वर येतो, दोरी दाबली जाते आणि व्हॉल्व्हला खालून घट्ट टेका देते. आता वरची स्प्रिंग काढली तरी व्हॉल्व्ह आत पडत नाही. जुनी टोपी काढा, नवी बसवा, दोरी ओढून घ्या, पुढचा सिलिंडर. दोरी कापसाचीच हवी, नायलॉनची नाही. तिचा एखादा धागा आत राहिला तरी जळून राख होतो, नायलॉन वितळून चिकटतो. मी कारंजाच्या बाजारात गेलो आणि बैलांच्या गोंड्यांच्या दुकानातून आठ मीटर सुती दोरी आणली. पन्नास लाखांच्या गाडीच्या इंजिनात आमच्या मातीतला कापूस गेला, आणि त्यानेच ते तोलून धरलं. हे लिहिताना अजूनही अंगावर काटा येतो.

काम सोपं नव्हतं. स्प्रिंग दाबायला जागा एवढी कमी की बाजारातलं हत्यार शिरेना. लेथवाल्याने दोनदा बनवून दिलं, तिसऱ्यांदा जमलं. टायमिंग धरून ठेवायची हत्यारं दिल्लीहून मागवली, आणि त्या दोन दिवसांसाठी नागपूरहून या गाड्यांची माहिती असलेला एक तरुण मेकॅनिक बोलावला, कारण तिथे अंदाज चालत नाही. एकूण अकरा दिवस. काढलेल्या बत्तीस टोप्या बाबांनी एका वाटीत ठेवल्या. वाटी हलवली की त्या वाजायच्या. नवं रबर वाजत नाही.

त्याच दिवसांत मला कळलं की बाबा ऐकतात कसे. लहानपणी त्यांचे दोन्ही कान वाहायचे. पडद्यांना भोकं पडली, ती तशीच राहिली. समोर बसून बोललेलं त्यांना निम्मंच कळतं. आणि तरी डेपोत आवाजावरून बिघाड सांगण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ते कसं, हे मी कधी विचारलं नाही. इंजिन जोडून सुरू केलं तेव्हा समोरून किर्र आवाज येत होता. तो आधीपासूनच होता, आणि एका ठिकाणी मला सांगितलं होतं की ही टायमिंग चेनची पट्टी, म्हणजे दीड लाख. बाबांनी पेटीतून हातभर लांब पेचकस काढला. टोक अल्टरनेटरवर ठेवलं आणि मूठ कानात नाही, कानामागच्या हाडावर दाबली. डोळे मिटले. मग टोक पंपावर. मग चेनच्या झाकणावर. मग बेल्ट ताणणाऱ्या छोट्या पुलीच्या बोल्टवर, आणि तिथे थांबले.

विज्ञानाचा शिक्षक म्हणून मला ते लगेच समजलं. त्यांच्या कानाचा पडदा गेलाय, आतला कान शाबूत आहे. हाडातून गेलेला आवाज पडद्याला वगळून थेट आत पोचतो. गावच्या गोंगाटातलं त्यांना काही ऐकू येत नव्हतं, ऐकू येत होती फक्त ती पुली. इतरांना जो गोंधळ आवरता येत नाही तो त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता.

"आइक," म्हणून त्यांनी मूठ माझ्या कानामागे दाबली.

आधी सगळंच एकात एक. मग हळूहळू वेगळं होत गेलं. इंजेक्टरची टिकटिक, घड्याळासारखी. पंपाची पाण्यातली घुमी. आणि पुलीवर टोक गेलं तेव्हा वाळू दळल्यासारखा खरखरीत आवाज, फेरीगणिक. चेनचं झाकण मात्र निवांत. पुलीचं बेरिंग अकराशे रुपयांना मिळालं.

पेचकस परत ठेवताना पेटीचं झाकण पूर्ण उघडलं. आतल्या बाजूला चिकटवलेलं एक चित्र आहे, मासिकातून कापलेलं, तेलाच्या बोटांनी तपकिरी झालेलं. लांब नाकाची काळी सेडान, मागे बर्फाचे डोंगर. ते मी लहानपणी पाहिलेलं होतं आणि विसरलो होतो. की विसरलो नव्हतो, आणि म्हणूनच २०२१ मध्ये नागपूरला गेलो, ते मला आता सांगता येणार नाही. बाबांना विचारलं, ही कधीची? ते म्हणाले, तू व्हायच्या आधीची.

आमच्या कारंजावरून शकुंतला जायची, यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटरची नॅरोगेज रेल्वे. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं होतं, ते १९९४ च्या एप्रिलपर्यंत चाललं. सत्तर वर्षं, याच उन्हात, याच धुळीत. बाबा लहान असताना ते स्टेशनवर जाऊन फायरमनला तेलाची बुधली घेऊन चाकांभोवती फिरताना पाहायचे. प्रत्येक थांब्यावर तो खाली उतरायचा, असं ते सांगतात. हे सांगताना ते नेहमी हाताने बुधली वाकडी करून दाखवतात.

लोक विचारतात, विकणार का? गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षं २०२३ मध्ये संपली, तेव्हा पर्यावरण कर भरून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घेतलं. २०२८ पर्यंत ती आहे. कापसाला भाव नसलेल्या वर्षी एवढा पैसा लोखंडावर घालावा का, हा प्रश्न मला गावात कोणी तोंडावर विचारला नाही, पण मी स्वतःला विचारतो. त्या वर्षी मी गाडीला हात लावला नाही, मुलीची फी भरली. बुश सहा महिने टकटकत राहिले. घेणाऱ्याने असाही काळ धरून चालावा. आणि किलोमीटर पाहून गाडी घेऊ नये, कागदांची फाईल पाहून घ्यावी. ४० हजार किलोमीटर चाललेली आणि दहा वर्षं शेडमध्ये उभी असलेली गाडी मी घेणार नाही. दीड लाख चाललेली, पण दर वर्षी तेल आणि दर दोन वर्षांनी ब्रेकचं तेल बदललेल्याच्या पावत्या असलेली डोळे झाकून घेईन.

परवापासून पेपरवर नवा डाग आहे. काळपट, समोर डावीकडे, चवलीएवढा. अल्टरनेटर ज्या कंसावर बसतो त्याच्या पॅकिंगमधून इंजिनचं तेल येतंय, या इंजिनाला होतंच ते. पॅकिंग मागवलंय. आज सकाळी मी पेपर काढायला गेलो तर तो जागेवर नव्हता. बाबा ओट्यावर बसले होते, पेपर उजेडात धरून, कालच्या पेपराशेजारी लावून, दोन्ही डागांवर अंगठा ठेवून माप घेत.

"वाढला नाई," ते म्हणाले. "पार्सल केव्हा येते?"